शाळेचे मैदान सुरक्षित आहे का? पालकांचे अधिकार आणि करावयाची कार्यवाही

आपले मूल जबलपूर शहरातील किंवा जिल्ह्यातील सरकारी शाळेत पहिली ते आठवीत शिकत असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे.

नवीन काय आहे?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात शाळांच्या आवाराला कुंपण, भिंत व फाटक बसवण्याचा आदेश दिला. शाळेने नोडल अधिकारी नेमून त्याची माहिती प्रवेशद्वारावर लावायची आहे. नगर निगम किंवा पंचायतीने किमान तीन महिन्यांतून एकदा पाहणी करायची आहे. आदेश कुत्र्यांबाबत असला तरी त्याच कुंपणामुळे गुरे व वाहने बाहेर राहतात आणि चेंडूमागे धावणारे मूल रस्त्यावर जात नाही.

आधीच्या कायद्यात काय होते?

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मैदान हवे. मात्र भिंत किंवा कुंपण सांगितले आहे ते शाळेच्या इमारतीसाठी. त्यामुळे इमारतीला भिंत आणि मैदान उघडे, असे घडू शकते. नवा आदेश संपूर्ण आवाराबद्दल आहे. म्हणून मागणी करताना ‘मैदानासह आवार’ असेच लिहा.

पैसा कुठून येतो?

समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार १० हजार ते १ लाख रुपये वार्षिक शाळा अनुदान मिळते. त्यातून किरकोळ दुरुस्ती होते. पूर्ण भिंत होणे कठीण. भिंतीची मागणी शाळा विकास आराखड्यात हवी, कारण कायद्याच्या कलम २२ नुसार अनुदानाचा आधार हा आराखडाच असतो.

आपण काय करावे?

१. मैदान फिरून पाहा: तुटलेले कुंपण, उघडा खड्डा, लोंबकळती वीजतार, गंजलेला झोका.

२. शाळा व्यवस्थापन समितीच्या (शाला प्रबंधन समिती) बैठकीत विषय मांडा. समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात.

३. ठराव व आराखड्यातील नोंद यांची प्रत मागा.

४. तातडीचा धोका मुख्याध्यापकांना लेखी कळवा. जुलै २०२५ मध्ये झालावाडला शाळेचे छत कोसळून ७ मुले दगावली. त्यानंतर केंद्राने असे धोके २४ तासांत वरिष्ठांना कळवण्यास सांगितले आहे.

५. दखल न घेतल्यास सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.