'पॅनेल गेले' म्हणजे नेमके काय गेले?

सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच बिघडला की तपासणीसाठी आलेल्या माणसाच्या तोंडून बहुधा 'पॅनेल गेले' हे दोन शब्द ऐकू येतात. ते वैद्याच्या निदानासारखे भासत असले तरी व्यवहारात न्यायाधीशाच्या निकालाचे काम करतात, कारण ते उच्चारले गेल्यानंतर ग्राहकापुढे नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जाणारा खर्च किंवा सरळ नवा संच एवढे दोनच मार्ग उरतात. ग्राहकाचा संताप सेवा केंद्राचा न लागणारा फोन, पुन्हापुन्हा पुढे ढकललेली तारीख, उडवाउडवीची उत्तरे या रूपांत व्यक्त होतो आणि वृत्तपत्रांच्या तक्रार-सदरांतही त्याची हीच रूपे छापली जातात. त्याचे मूळ मात्र निराळे आहे. बिघाड कोणता, तो कशामुळे झाला आणि त्याचा भार कोणी सोसायचा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा अधिकार, ज्या पक्षाला त्या उत्तरांची किंमत मोजावी लागू शकते त्याच पक्षाच्या हाती आहे. आणि ग्राहकाला संचाच्या आत काय असते याची पुसटशीही कल्पना नसल्यामुळे तो या निदानाला प्रश्न विचारू शकत नाही.

ही कल्पना यावी म्हणून संचाच्या रचनेकडे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. बाजारात 'एलईडी टीव्ही' म्हणून विकला जाणारा संच बहुतांश वेळा एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा असलेला संच असतो. 'एलईडी' हे त्याच्या पडद्याचे नव्हे तर पडद्यामागील दिव्यांचे नाव असून ते संपूर्ण संचाला चिकटवण्याचे श्रेय जाहिरातकारांना द्यावे लागते. काचेच्या दोन पातळ थरांमध्ये द्रवस्फटिक भरलेले असतात व प्रत्येक बिंदूपाशी एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर त्यांना वळवून प्रकाश अडवतो किंवा सोडतो. ४के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू धरल्यास अशा झडपांची संख्या सुमारे अडीच कोटींवर जाते. ही काच स्वतः प्रकाश देत नाही. प्रकाश येतो तो मागे किंवा कडेला बसवलेल्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्यांतून, ज्यांना दुरुस्तीच्या धंद्यात नुसते 'पट्टी' किंवा 'बॅकलाईट' म्हणतात. याशिवाय वीजपुरवठ्याचा बोर्ड, मदरबोर्ड आणि चित्राचे संकेत वेळेवर काचेपर्यंत पोचवणारा 'टीकॉन' असे भाग असतात. लहान व स्वस्त संचांत यांतले दोन-तीन एकाच पाटीवर एकत्र केलेले आढळतात.

या रचनेतून एक गोष्ट सहज लक्षात येते, ती म्हणजे पडदा काळा पडणे आणि पॅनेल निकामी होणे या दोन भिन्न घटना आहेत. आवाज व्यवस्थित येत आहे पण चित्र दिसत नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकल्यास पुष्कळदा अंधूक चित्र हलताना दिसते. त्याचा अर्थ काच सुस्थितीत असून मागचा प्रकाश गेलेला आहे, असा होतो. पट्टीवरील दिवे एकापाठोपाठ एक, म्हणजे शृंखलेत जोडलेले असल्यामुळे त्यांतील एक जळाला तरी संपूर्ण पट्टी विझते, आणि अनेक संचांत असा खंड लक्षात येताच नियंत्रक सगळाच प्रकाश बंद करतो. पडद्यावर जागोजाग पांढरे गोल ठिपके दिसणे हा पट्टीचाच आणखी एक विकार होय. दिव्यावर चिकटवलेले लहानसे भिंग उष्णतेने सुटून पडले की तो दिवा प्रकाश पसरवण्याऐवजी एकाच जागी ओततो. दुकानात शेजारच्या संचांपेक्षा उठून दिसावे म्हणून उजेड कमाल पातळीवर ठेवण्याची आणि घरी आल्यावरही तो तसाच राहू देण्याची रीत या विकारांना आमंत्रण देते, कारण अधिक उजेड म्हणजे दिव्यांतून अधिक विद्युत्प्रवाह आणि अधिक उष्णता. पट्टी बदलणे हे कौशल्याचे व जोखमीचे काम असले, कारण त्यासाठी काच उचलून बाजूला ठेवावी लागते, तरी त्याचा खर्च पॅनेलच्या खर्चाच्या आसपासही जात नाही.

खरी गुंतागुंत उभ्या रेषांपाशी सुरू होते. काचेच्या कडेला लवचिक फितीसारखे तुकडे जोडलेले असतात, त्या प्रत्येकावर एक चिप असते आणि ती ठरावीक स्तंभांना संकेत पुरवते. या तुकड्याला धंद्यात 'सीओएफ' म्हणतात. वाहक कण मिसळलेल्या चिकट पटलाने तो काचेला उष्णता व दाब देऊन जोडलेला असतो. हा सांधा सैल झाला किंवा चिप निकामी झाली की पडद्यावर उभी रेषा, पट्टा किंवा थेट अर्धा काळा पडदा दिसू लागतो. ओलावा हा या सांध्याचा शत्रू असल्याने कोकण किनाऱ्यावरील घरांत त्याची विशेष काळजी घ्यायला हवी. आणि पडदा पुसताना फवारलेले पाणी ओघळून नेमके कडेच्या चौकटीत जाते, ही गोष्ट दिवाळीच्या साफसफाईत क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. 'टॅब बाँडिंग' नावाच्या यंत्राने हा सांधा पुन्हा जोडता येतो, मोठ्या शहरांत तशी यंत्रे चालवणारे कारागीरही आहेत, मात्र हे काम हमखास टिकेल असे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. अधिकृत सेवा केंद्रे सहसा या वाटेला जात नाहीत. त्यांच्या लेखी काच, तिच्या कडेचे सीओएफ आणि पुष्कळदा मागची पट्टीसुद्धा मिळून एकच वस्तू होते, तिचे नाव पॅनेल. एका लहानशा सांध्याचा दोष त्यामुळे संपूर्ण पडद्याच्या किमतीला येऊन भिडतो.

पिक्चर ट्यूबच्या काळात निदान इतके बंदिस्त नव्हते. तो संच अवजड होता, त्याच्या आत प्राणघातक विद्युतदाब असे, पण त्याचे सुटे भाग वेगवेगळे बदलता येत, जळलेला भाग हातात देता येई आणि गल्लीतला मेकॅनिक व कंपनीचा माणूस या दोघांचे म्हणणे ताडून पाहता येई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ताडून पाहण्याची ती सोय तेवढी गमावली गेली आहे.

तिची उणीव सर्वाधिक जाणवते ती वॉरंटीच्या काळात. वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत निर्मितीतील दोष विनामूल्य दूर करण्याचे उत्पादकाचे वचन. बहुतेक संचांवर ते एक वर्षाचे असते, काहींच्या पॅनेलपुरते आणखी काही काळ वाढवलेले असते, आणि त्यातून ज्या गोष्टी वगळलेल्या असतात त्यांत 'फिजिकल डॅमेज', म्हणजे आघाताने झालेली इजा, अग्रभागी असते. ही वगळणूक मुळात अन्याय्य नाही. मुलाने फेकलेला चेंडू लागून फुटलेल्या काचेचा भुर्दंड उत्पादकावर टाकावा असे कोणीही म्हणणार नाही. अडचण अशी की तपासणीस आलेला तंत्रज्ञ जॉब शीटवर हे दोन शब्द लिहितो तेव्हा आघाताची खूण कोठे आहे, रेषा कडेपासून निघते की मधल्या एखाद्या बिंदूपासून, हे लिहीत नाही. वास्तविक भेद बराचसा डोळ्यांनी दिसणारा आहे: आघाताने तडकलेल्या काचेत एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फुटत गेलेल्या रेषा आणि शाईसारखे पसरलेले डाग दिसतात, तर सीओएफचा दोष पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आखल्यासारख्या रेषेत उमटतो. तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नाही. तो अनेकदा कंत्राटावर, भेटीच्या संख्येवर मोबदला मिळवणारा असतो आणि विनामूल्य पॅनेल द्यायचे की नाही याचा निर्णय त्याच्या हातात नसतो. खोके माळ्यावर जपणारा, बिल लॅमिनेट करून ठेवणारा काटेकोर ग्राहकही येथे निरुपाय होतो, कारण त्याने जपलेले सर्व पुरावे खरेदीचे असतात, बिघाडाचे नव्हे.

एखाद-दुसऱ्या मृत बिंदूची, म्हणजे सतत काळ्या किंवा सतत उजळ राहणाऱ्या ठिपक्याची, तक्रारही अशाच भिंतीवर आदळते. सपाट पडद्यांसाठीच्या २००१च्या आंतरराष्ट्रीय मानकाने दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाख बिंदूंमागे दोन सतत उजळ, दोन सतत काळे बिंदू आणि पाच सदोष उपबिंदू ग्राह्य मानले होते; पुढे ते मानक बदलले, तरी दोषांची संख्या मोजून मर्यादा आखण्याची पद्धत राहिली. विक्रेत्याने ही गोष्ट आधी सांगितली, तर ग्राहक निदान दुकानातच पडदा निरखून पाहील.

कायद्याची बाजू कागदावर भक्कम आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या दर्जातील कोणत्याही उणिवेला तो 'दोष' म्हणतो; सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क पडत नाही. म्हणजे कणकवलीच्या ग्राहकाला दूरच्या महानगरातील मुख्यालयाचा उंबरठा झिजवावा लागत नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून महाराष्ट्रातील चळवळीने ज्या गोष्टींचा आग्रह धरला त्यांतील बऱ्याच आज कलमांच्या रूपात उभ्या आहेत.

परंतु हे भक्कम कलमी बांधकामही पुन्हा निदानापाशीच येऊन थबकते. चाचणीवाचून दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावी, तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा, आणि त्यासाठीचे शुल्क आयोग तक्रारदाराला भरायला लावू शकतो, अशी तरतूद आहे. चाचणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत व लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, हेही कायदाच सांगतो. तूप किंवा खत यांचा नमुना बाटलीत भरून पाठवता येतो. पंचावन्न इंचांचा काचेचा पडदा मात्र प्रयोगशाळेपर्यंत नेताना त्यालाच नवी इजा होण्याचा संभव असतो, आणि मग ती इजा जुनी की नवी हा आणखी एक वाद जन्माला येतो. दरम्यान घरातील भिंत रिकामी राहते, किंवा ग्राहक नवा संच आणून मोकळा होतो. आणि या दुसऱ्या पर्यायावर उत्पादकाचा नाइलाजाने विश्वास असतो, असे म्हणणे फारच सौम्य ठरेल.

यात उत्पादकाची एक अडचण मान्य केली पाहिजे. 'ओपन सेल', म्हणजे मागची पट्टी व चौकट न जोडलेली काच, भारतातील जुळणी करणारे कारखाने प्रामुख्याने आयात करतात. काचेचे आकार व जोडण्या सतत बदलत असतात आणि तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या संचाची काच गोदामात साठवून ठेवणे महाग तसेच जोखमीचे असते. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून पडद्यांसाठी लागू केलेल्या नियमांत अंतर्गत वीजपुरवठा, जोडण्या, मोठे कपॅसिटर यांसारखे भाग किमान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्तीकारांना उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले, पण त्या यादीत पॅनेल नाही. ग्राहकहिताविषयी आग्रही असलेल्या कायदेकर्त्यांनाही त्या काचेपुढे हात आखडते घ्यावे लागले. फ्रान्सने त्याच वर्षी १ जानेवारीपासून दूरचित्रवाणी संचांसह काही वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली व २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले, तेथे उत्पादकांनी माहिती द्यावी ही अपेक्षा आहे; अपेक्षा आणि सक्ती यांतील अंतर मात्र मोठे आहे.

पॅनेलची काच सात वर्षे पुरवणे अवघड असेल, पण बिघाडाचे लेखी निदान देणे अवघड नाही, आणि त्यासाठी एक काचही आयात करावी लागत नाही. कोणता भाग निकामी झाला, पट्टीला मिळणारा विद्युतदाब किती मोजला, टीकॉन बदलून पाहिला काय, आघाताचा बिंदू असल्यास त्याचे छायाचित्र, आणि बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हवाली, एवढ्या नोंदी जॉब शीटवर सक्तीच्या झाल्या तर जिल्हा आयोगापुढील निम्मा वाद प्रयोगशाळेवाचून सुटू शकेल. शिवाय अशी नोंद कोरी ठेवणारी कंपनी ही सेवेतील त्रुटीसाठी आपणहून पुरावा देणारी ठरेल. सक्ती होईपर्यंत ग्राहकाने जॉब शीटवर सही करण्यापूर्वी त्यावर 'पॅनेल' या शब्दापुढे कोणता भाग ते लिहून मागावे, तपासणीचे चित्रीकरण करावे आणि लिहून देण्यास नकार मिळाल्यास तो नकारच १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवावा.

सेवा केंद्राने ज्याला मृत ठरवले त्या संचाचे पुढे काय होते, हे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचा व्यवहार करणाऱ्यांना ठाऊक असते. फुटलेल्या काचेच्या संचातून निघालेला मदरबोर्ड, वीजपुरवठ्याची पाटी, शाबूत पट्ट्या, टीकॉन हे सारे वेगवेगळे मॉडेल क्रमांक लिहून फळीवर मांडले जाते व दुसऱ्या कोणाच्या तरी संचात जाऊन बसते. भंगाराच्या भावाने दिलेल्या त्या संचातील कोणता भाग चालू आहे आणि कोणता बंद, याची तपासणी तेथे मल्टिमीटर लावून काही मिनिटांत होते, आणि निकाल भागावर पेनने लिहून ठेवला जातो.