उतारा तालुक्यापर्यंत पोचला पाहिजे

पॅरासिटामॉलच्या अतिरिक्त मात्रेने यकृत निकामी होते, हे १९६६ पासून वैद्यकास ठाऊक आहे. त्याची कारणमीमांसा मात्र १९७३ साली अमेरिकेतील सरकारी संशोधन संस्थेत, लहान उंदरांवरील प्रयोगांतून झाली. यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा संपला की औषधाचाच एक विषारी अंश पेशींचा नाश करतो. पुढे सिस्टीअमाइन, मेथिओनीन, असिटिलसिस्टीन अशा उताऱ्यांची तुलना झाली. प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर हे विष बरेच पचवतो, लहान उंदीर पचवू शकत नाही. म्हणजे प्राणी बदलला की निष्कर्ष बदलतो. (नमुना-पाहणीवर विसंबणाऱ्या आम्हा अर्थशास्त्रज्ञांनीही हे ध्यानी घ्यावे.) अखेर एडिंबरोच्या सार्वजनिक रुग्णालयातील अनुभवावरून १९७९ साली असिटिलसिस्टीनचे श्रेष्ठत्व मान्य झाले.

परंतु प्रयोगशाळेत विष आणि उतारा यांमधील अवधी संशोधक ठरवतो. आपल्या खेड्यात तो एस.टी.च्या वेळापत्रकावर ठरतो. आठ तासांच्या आत दिल्यास हा उतारा सर्वाधिक गुणकारी ठरतो. सार्वजनिक पैशातून सिद्ध झालेले हे ज्ञान जिल्ह्याच्या कपाटात कुलूपबंद राहण्यात काय हशील? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असिटिलसिस्टीनचा किती साठा आहे, हे शासनाने दरमहा दर्शनी फलकावर लावावे.