तुळशीपुढचा लाल दिवा

मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. आमच्या घरात मात्र रोज सकाळी सहाला एक लाल दिवा लागतो, आणि तोही तुळशीसाठी! येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो. नात्यातल्या दोघा-तिघांनी आपापल्या घरी तसाच दिवा लावायचं मनावर घेतलं आहे. फोनवर तेच तेच सांगून थकलो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात झाड दिव्यावर वाढवायचं असेल, तर लाल एलईडीची जोड जरूर द्यावी. पण जोडच. मुख्य दिवा पांढराच हवा. हे मत मला एक झाड घालवून मिळालेलं आहे.

आमची गॅलरी पूर्वेची. २०२१ सालापर्यंत सकाळी तीन तास चांगलं ऊन यायचं. मग समोर बारा मजली इमारत उभी राहिली आणि ऊन गेलं. तक्रार कोणाकडे करणार? त्यांनाही घरं हवीतच. पण तुळस वाळायला लागली. फांद्या लांबट, पानं बारीक, सगळं झाड कठड्याकडे झुकलेलं.

ही तुळस नर्सरीतून आणलेली नव्हती. १९७८ साली आम्ही गावाकडून बिऱ्हाड हलवलं, तेव्हा आईच्या वृंदावनातल्या मंजिऱ्या सौ.ने पुडीत बांधून आणल्या होत्या. तुळस काही पन्नास वर्षं जगत नाही. दर दोन-चार वर्षांनी झाड म्हातारं होतं, मग त्याच्याच मंजिऱ्या चुरगाळायच्या आणि बी पेरायचं. असं करत करत ती आमच्याबरोबर चार भाड्याच्या घरांतून या फ्लॅटमध्ये आली. पुढे गावचं घर विकलं, आईही गेली. त्या अंगणातलं म्हणावं असं आमच्याकडे हे एवढंच उरलं होतं.

२०२२ च्या पावसाळ्यात भाच्याने ग्रो लाइट पाठवला. 'मामा, यात फक्त लाल आणि निळे एलईडी आहेत. झाडाला बाकीचे रंग लागतच नाहीत.' तुळस हॉलच्या कोपऱ्यात आली आणि तिच्यावर तो जांभळा उजेड पडला. सौ. म्हणाली, 'अहो, हे काय नाटकातल्या भुताच्या प्रवेशासारखं!' समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तर वॉचमनकडे चौकशी केली की त्या घरात चालतं तरी काय.

दोन महिने झाड बरं वाटलं. 'वाटलं' असंच म्हणायला हवं, कारण त्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं. तुळस रोज काळपटच दिसायची, मला त्याची सवय झाली. एका संध्याकाळी लाइट गेली. टॉर्च घेऊन पाणी घालायला गेलो, तर शेंड्यांवर कोळ्याचं जाळं! पानं फिक्या ठिपक्यांनी भरलेली, मागच्या बाजूला बारीक लाल कोळी हिंडताहेत. तो काही एका दिवसाचा रोग नव्हता. तीन-चार आठवडे तरी तो पानांवर होता आणि मी रोज तिथे उभा राहून पाणी घालत होतो. झाड वाचलं नाही.

कोळी दिव्यामुळे आला नाही, हे मला कळतं. तो घरातल्या कोरड्या हवेत एरवीही येतो. पण दिसला असता तर पहिल्या आठवड्यात पानं धुऊन निभावलं असतं. सौ. मला काही बोलली नाही. देवघरातल्या डबीतून तिने आदल्या वर्षीच्या मंजिऱ्यांची पुडी काढून दिली. अकरा रोपं उगवली. त्यानंतर मात्र मी ठरवलं, आता न वाचता काही करायचं नाही.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाच्या तासाला गेलो असेन तर फक्त बदली शिक्षक म्हणून, आणि तेव्हा मुलांना निबंध लिहायला लावायचो! त्यामुळे हे सगळं नातीच्या अकरावीच्या पुस्तकापासून सुरू केलं. त्यात एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा १८८० च्या दशकातला प्रयोग आहे. त्याने लोलकातून प्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तो पट्टा हिरव्या शेवाळावर पाडला. पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. जिवाणू गोळा झाले ते तांबड्या आणि निळ्या भागांत. म्हणजे शेवाळ तिथे जास्त प्राणवायू सोडत होतं. मोजायला यंत्र नाही, तर जिवाणूंनाच मोजमाप करायला लावलं! असा प्रयोग आम्हाला शाळेत कोणी सांगितला असता तर मी कदाचित विज्ञानाकडे गेलो असतो. असो.

'लाल आणि निळा पुरे' या समजुतीचं मूळ अशा प्रयोगांत आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. अमेरिकेत मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर एकेक रंग पाडून मोजमाप केलं आणि ते १९७२ साली प्रसिद्ध झालं. तांबडा पहिला आला हे खरं, पण हिरवा प्रकाशही पानं बऱ्यापैकी वापरतात असं त्यात दिसलं. म्हणजे पांढऱ्या दिव्यातला हिरवा भाग वाया जातो, हे म्हणणं चूक.

मग लाल घालायचाच कशाला? दोन कारणं आहेत.

पहिलं पांढऱ्या एलईडीच्या रचनेतलं. हा दिवा मुळात निळा असतो. वरच्या पिवळसर लेपामुळे त्याचा प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. त्यात निळा भरपूर, हिरवा-पिवळा भरपूर, पण ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद तांबडा कमी. थंड पांढऱ्यात तर फारच कमी. हरितद्रव्याला नेमका तो आवडतो.

दुसरं कारण विजेचं. झाडाच्या दृष्टीने प्रकाशाचे किती कण पानावर पडले याला महत्त्व. तांबड्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा कमी असते. त्यामुळे जेवढ्या ऊर्जेत निळ्याचे शंभर कण होतात, तेवढ्यात तांबड्याचे सुमारे दीडशे होतात.

यात आपला डोळा मोठा घोटाळा करतो. आपल्या डोळ्याला सर्वांत प्रखर दिसतो तो हिरवट पिवळा. ६६० चा तांबडा त्याच्या तुलनेत जेमतेम सहा टक्के प्रखर दिसतो. म्हणून लाल पट्टी लावली की वाटतं, हा काय मिणमिणता उजेड! झाडाला तो मिणमिणता नसतो. फोनवरचं लक्स मोजणारं ॲपही इथे कामाचं नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावरूनच ठरवलेलं आहे. इतकी वर्षं मी 'उजेड चांगला आहे' असं म्हणत आलो ते माझ्यापुरतं होतं.

मग नुसताच लाल का नको? कारण नुसत्या लालवर बरीच रोपं लांबट आणि किडकिडीत होतात. त्यांना आटोपशीर ठेवायला निळा लागतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९९१ च्या सुमारास लाल एलईडीवर लेट्यूस वाढवलं, तेव्हाही जोडीला निळ्या नळ्या लावल्या होत्या. २०१४ साली अंतराळ स्थानकावर भाजी वाढवायची पेटी गेली. तिच्यात लाल आणि निळ्याबरोबर हिरवे एलईडीही मुद्दाम घातले, ते पानं माणसाला नीट दिसावीत म्हणून. हे वाचलं तेव्हा मला आमची तुळस आठवली. अंतराळवीरांना जे लागतं, ते सत्तरी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाला लागणार नाही का?

भाचा अजूनही वाद घालतो. 'मामा, मोठ्या ग्रीनहाउसमध्ये लाल-निळेच दिवे असतात.' असतील. तिथे वरून ऊन येतं, हजारो रोपं असतात आणि विजेचं बिल लाखांत असतं. त्यांचं गणित वेगळं. आपल्याकडे एक कुंडी आहे, ती आपण राहतो त्याच खोलीत आहे, आणि तिचा डॉक्टर म्हणजे आपले डोळे.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. आधी लाल विकत घेऊ नका. आधी पांढरा दिवा खाली आणा. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की पानावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो, आणि याला पैसे लागत नाहीत. पान तापत नाही ना, एवढं हाताने बघा. मग तास वाढवा. एवढं करूनही भागलं नाही तर लाल घ्या. माझा पांढरा दिवा २० वॅटचा, शेंड्यापासून वीतभर वर. लाल पट्टी ५ वॅटची. चौदा तासांचे दोन्ही मिळून महिन्याला साडेदहा युनिट होतात, त्यातले लालचे फक्त दोन. पट्टी ६६० नॅनोमीटरची आहे ना, हे विचारून घ्या. सजावटीची लाल माळ बहुधा ६२० ते ६३० ची असते. तीही अगदी फुकट जात नाही. पण पांढऱ्या बल्बला लाल कागद गुंडाळू नका. त्याने लाल वाढत नाही, बाकीचे रंग तेवढे अडतात. आणि अ‍ॅडॉप्टर कुंडीपासून लांब ठेवा.

माझ्या तुळशीला लालचा फायदा झाला का? फुटवा दाट झाला, पानं रुंद झाली. पण त्याच महिन्यात मी शेंडेही खुडले होते, त्यामुळे सगळं श्रेय लाल दिव्याला देणं बरोबर नाही. शेंडे खुडणं फुकट आहे, ते आधी करा.

राहिला सौ.चा आक्षेप. तुळशीची जागा अंगणात, हॉलमध्ये दिव्याखाली नव्हे, असं तिचं म्हणणं. ते मला पटतं. अंगण मिळालं तर आजच दिवा काढून टाकीन. पण ते मिळणार नाही, आणि ऊन नाही म्हणून तुळस जाऊ द्यायची हे तिलाही पटत नाही. म्हणून आमची तडजोड झाली आहे. रात्री आठनंतर दिवे बंद, तुळस झोपते. हे झाडालाही चांगलंच, त्यालाही अंधार लागतो.

आणि संध्याकाळी सातला ती तुळशीपुढे निरांजन लावते, तेव्हा दहा मिनिटं लाल-पांढरे दोन्ही दिवे बंद ठेवते. म्हणते, निरांजनाचा उजेड दिसायला हवा. ती भिंतीवरचं बटणच बंद करत असल्याने चावीचा टायमरही तेवढा वेळ थांबतो आणि रोज दहा मिनिटं मागे पडतो. दर रविवारी मी तो सत्तर मिनिटं पुढे सरकवतो. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला या, म्हणजे प्रत्यक्ष दाखवीन.