कोरड पडली की खापर उन्हावर!

"वय झालं की दात जायचेच" हे वाक्य मला अजिबात पटत नाही.

आमचं खापर नंदुरबार जिल्ह्यातलं. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर, त्यामुळे तोंडाला कोरड पडली की सगळं खापर उन्हावर! (कोटी माफ करा.) उपाय ठरलेले: चहा, सुपारी, नाहीतर लिमलेटची गोळी. आपण एसीत बसणारे तरी काय वेगळं करतो? कॉफी आणि मिंट!

आता लाळेचं काम बघा. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ अन्नकण धुते, आम्ल सौम्य करते, दातांना कॅल्शियम परत देते. थोडक्यात, फुकटातला मेंटेनन्स. तोंडातला पीएच ५.५ च्या आसपास किंवा खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लाळ कमी असेल तर तो सावरायला वेळ लागतो. त्यात गोड गोळी चघळणं म्हणजे आगीत तेल.

बरं, कारण नेहमी ऊनच असतं असं नाही. रक्तदाब, अॅलर्जी, नैराश्य यांवरच्या बऱ्याच औषधांनी लाळ आटते, मधुमेहानेही तोंड कोरडं पडतं. औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. बाकी घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, फ्लोराइडची पेस्ट. तंबाखू-सुपारी आणि अल्कोहोलवाला माउथवॉश बंद.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा "जेवलात का?" च्या जोडीला "तोंड कोरडं पडतं का?" एवढंही विचारा. दात वाचतील, मंडळी!