वर्णनात वाघीण, तक्त्यात निम्मी

माझी भाची आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ खेळतात. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकीनं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एकीनं गोष्ट पुढे न्यायची आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, हे फाशांवर ठरवायचं. खेळाच्या जाडजूड पुस्तकांत दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक वर्णनाचा : हे जग कसं, इथली माणसं कशी. दुसरा नियमांचा : आकडे आणि तक्ते.

“मावशी, वर्णन नुसतं रंगापुरतं. नको असेल तर बदलायचं. खरा खेळ नियमांत,” भाची म्हणाली.

मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. ‘घरची लक्ष्मी’ हे वर्णन आणि सातबारा हा नियम. केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींना लक्ष्मी म्हटलेलं असतं, उताऱ्यावर मात्र नाव नसतं. म्हणून या खेळाचं जुनं पुस्तक मी तक्त्यांपासून वाचायला घेतलं.

१९७८ सालच्या त्या पुस्तकात बाईला योद्धा व्हायला मनाई नव्हती. पण ताकदीचा तक्ता पाहा. ताकद मोजायची ३ ते १८. योद्ध्याला १८ मिळाले, तर पुन्हा फासे टाकून १ ते १०० मधला आकडा काढायचा. पुरुष १०० पर्यंत जाऊ शकत होता, बाईला ५० वर थांबवलेलं होतं. परिणामी पुरुषाच्या घावात जास्तीत जास्त ६ ची भर, बाईच्या ३ ची. हाफलिंग नावाच्या बुटक्या लोकांत पुरुषाची मर्यादा १७, बाईची १४.

बायकांची ताकद कमी असते हे वास्तवच आहे, असं यावर सांगितलं जातं. आग ओकणारे ड्रॅगन चालतात, मंत्रानं उडणारी माणसं चालतात. मग वास्तवाची आठवण बाईपाशी आल्यावरच का होते?

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा काढून टाकली. पण त्याच पुस्तकात सगळीकडे पुरुषवाचक सर्वनाम वापरलं आणि ‘यात स्त्रियांना वगळण्याचा हेतू नाही’ अशा अर्थाची टीप जोडली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘ती’ दिसू लागली. आकडा बदलायला ११ वर्षं लागली, भाषा बदलायला आणखी ११.

म्हणूनच भाचीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. तिची एक मैत्रीण आधी मुलांच्या गटात खेळायची. तिच्या योद्ध्याचे आकडे कुणापेक्षा कमी नव्हते. पण गोष्टीत दर वेळी तिलाच पळवून नेलं जायचं, खानावळीत तिच्याच रूपावर शेरे मारले जायचे. ती चिडली की उत्तर ठरलेलं : “अगं, ते वर्णन आहे, मनावर काय घेतेस!” शेवटी तिनं जाणंच सोडलं. समान आकडे तिच्या काय कामाला आले?

जे ‘समजुतीनं घ्या’ म्हणून मोकळं सोडलेलं असतं, ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या ताब्यात जातं. हे आपण घरात पाहिलंय, ग्रामसभेत पाहिलंय आणि चळवळीच्या बैठकांतही पाहिलंय. म्हणून मैत्रिणींनो, कुठलंही धोरण हाती आलं की प्रस्तावनेला भुलू नका, आधी तक्ता वाचा. पण तक्ता बरोबर आहे म्हणून तिथंच थांबूही नका. गोष्ट कोण सांगतंय, तेही विचारा.

आता ती मैत्रीण भाचीच्या गटात खेळते. खेळ सुरू करण्याआधी या मुलींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : जिचं पात्र तिला विचारल्याशिवाय त्या पात्राच्या शरीराबद्दल काहीही सांगायचं नाही. वर्णनातली गोष्ट त्यांनी नियमात आणली. मला हे पान आपल्या शिबिरांत वाचून दाखवायचं आहे.