दांतांची कीड नशिबाची नव्हे

दाढ ठणकूं लागली म्हणजे आमच्या बागलाणांत कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी म्हणतो दाढेंत अळी पडली. मग रिंगणीच्या बियांची धुरी देणारा गांठावा आणि त्यानें दाखविलेल्या 'अळी'बद्दल त्यास पैसे मोजावे! बंधूंनो, दांतांत अळी नसतेच. पॅरिसच्या फोशार नामक दंतवैद्यानें १७२८ सालींच ही समजूत खोडून काढिली. पुढें १८९० सालीं मिलर ह्या संशोधकानें खरें कारण मांडलें: तोंडांतील सूक्ष्म जंतू साखर व पिठूळ अन्न ह्यांपासून आम्ल तयार करितात, आणि तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. लाळ तें हळूहळू धुऊन काढते. पण घडोघडी तोंडांत गोड पडलें तर लाळेस सवड कोठली? म्हणून किती गोड खाल्लें ह्याइतकेंच किती वेळां खाल्लें हेंही पाहिलें पाहिजे.

कारण एकच, पण प्रत्येक वयांत तें निराळ्या वाटेनें शिरतें.

कांद्याच्या लागणीला गेलेली आई तान्ह्याला बांधावर झोळींत निजविते आणि तें रडूं नये म्हणून साखरेच्या दुधाची बाटली किंवा चहांत बुडविलेलें बिस्किट देते. तिला दोष देण्यास आम्ही धजत नाहीं. मजुरी बुडाली तर चूल पेटत नाहीं. परंतु झोपेंत लाळ कमी सुटते, गोडवा दांतांवर तसाच राहतो आणि वरचे पुढचे दांत किडतात. निजतांना बाटली द्यावयाचीच तर तींत नुसतें पाणी असावें.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें जी दाढ उगवते ती जन्माची असते. दांत पडल्यावांचून ती येते, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात व 'पडेल, दुसरी येईल' म्हणून स्वस्थ बसतात. दुसरी कधींच येत नाहीं! गाल सुजून शाळा बुडविणारीं मुलें आम्ही दर वर्षीं वर्गांत पाहतों.

गर्भ आईच्या दांतांतला चुना ओढून नेतो, ही समजूतही खोटी. ओकाऱ्यांचें आम्ल, वारंवार कांहीं तरी खाणें आणि हिरड्यांची सूज हीं खरीं कारणें. ओकारी झाल्यावर लगेच दांत घासूं नयेत, चूळ भरावी.

उतारवयांत हिरड्या खालीं सरकून दांतांचीं मुळें उघडीं पडतात. मुळांवर तें कठीण कवच नसतें. कित्येक औषधांनीं तोंड कोरडें पडतें, मधुमेह भर घालतो. त्यांत मशेरी! तिनें दांत बळकट होतात हा निव्वळ भ्रम आहे. तंबाखू हिरड्या खातो व तोंडाचा कर्करोग आणतो. टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. पण घरच्या चुलीवर मशेरी भाजणाऱ्याचा हात कोण धरणार?

उपाय महाग नाहींत. गोड खावयाचें तें जेवणाबरोबर खावें. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टनें सकाळीं व विशेषतः रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासावेत. तीन वर्षांखालील मुलास ती तांदळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. दाढेवर काळा डाग दिसतांच डॉक्टरास दाखवावें. कीड लहान असतां दाढ भरून वांचते, ठणका लागेपर्यंत थांबलें तर बहुधा खर्च तरी वाढतो नाहीं तर दाढ तरी जाते. अंगणवाडी व शाळांतून मुलें तपासण्यासाठीं २०१३ पासून जें सरकारी पथक फिरतें, तें दांतही पाहतें. त्या दिवशीं मुलास शेतावर नेऊं नका, आणि पथकानें दिलेली चिठ्ठी कोनाड्यांत पडूं देऊं नका.

स्वतःस सत्यशोधक म्हणविणाऱ्यानें दाढदुखीचेंही कारण विचारावें. जो कारण विचारीत नाहीं त्याच्या घरीं आधीं दुकानदाराची साखर शिरते आणि मागून धुरीवाला येतो. दोघांचीही भरती आपल्याच कनवटीच्या पैशानें होते.