शेतात राबणारी बाई आणि दिल्लीची समिती

घाटंजी, जि. यवतमाळ

मा. मंत्रिमंडळ सचिव,
अध्यक्ष, समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विचार करणारी समिती,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,



एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सुनावणी सुरू व्हायच्या तोंडावर केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. घाटंजीत उच्चभ्रू शोधायला निघालात तर संध्याकाळपर्यंत फिरावं लागेल. इथं वाघाडी नदी आहे, कापसाचं जिनिंग आहे, यवतमाळ आणि पांढरकवड्याच्या एसट्या आहेत आणि तालुकाभर पऱ्हाटी-तुरीची वावरं आहेत. मागणी मात्र इथंही आहे. ती घेऊन गावोगाव फिरणारी आम्ही मोजकी माणसंही आहोत. आमची नोंदणीकृत संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. कोणाला मृत्युपत्र लिहायला मदत कर, कोणाच्या मायशेजारी तास-दीड तास नुसतं बस, कोणाला बँकेत नॉमिनीचा अर्ज भरून दे, असं हे काम.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालपत्रात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्या उच्चभ्रूपणाच्या युक्तिवादाला उत्तर देताना शेतात काम करणाऱ्या बाईचा दाखला दिला. समलिंगी तीही असू शकते, असं त्यांचं म्हणणं. निकाल आमच्या विरोधात गेला. विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं, आणि विवाहाऐवजी दुसऱ्या एखाद्या कायदेशीर नात्याचा हक्क मान्य करावा का, इथं आम्ही तीन विरुद्ध दोन असे हरलो. तरी ती शेतातली बाई निकालपत्रात राहिली आहे. तुमची समितीही त्याच निकालातून जन्मली, म्हणून त्या बाईबद्दल लिहितो.

लग्नाचा कागद म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांनी ते शिकवलं आहे. माणूस गेल्यावर पंचनामा होतो, प्रकरण पात्र ठरलं तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. मग वारसांची नोंद, सातबाऱ्यावर फेरफार, सोसायटीचं थकीत कर्ज, निराधार योजनेचा अर्ज. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: मयताची तू कोण? ज्या बाईजवळ 'पत्नी' हे उत्तर आहे तिचीही दमछाक होते. जिच्याजवळ तेही नाही तिनं कुठं उभं राहायचं?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना पाहा. वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून मृत्यू आला तर २ लाख मिळतात. खातेदार शेतकऱ्यासोबत घरातल्या आणखी एकाला संरक्षण आहे: आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी. पऱ्हाटीत निंदण करणाऱ्या दोन बायका एका चुलीवर वीस वर्षं जेवत असल्या, तरी या यादीत दुसरीला जागा नाही. साप काही नातं विचारून चावत नाही.

तुमच्या समितीच्या खात्यावर काही जमा आहे, हे मी नाकारत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न विभागानं राज्यांना कळवलं, की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरा. अन्नसुरक्षा कायद्यानं तर अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख. म्हणजे दोन बायकांच्या घरात प्रमुख कोण, हा प्रश्नच उरत नाही. निदान या एका ठिकाणी कायदा आमच्या पुढं धावला! संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हेही त्याच महिन्यात स्पष्ट झालं. बँकेत आम्ही तो कागद दाखवतो आणि बहुधा काम होतं. पण नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वारसांसाठी सांभाळायला. वारस म्हणून भाऊ उभा राहिला की तो पैसा त्याचा.

आरोग्य खात्याचं पत्र मात्र वाचून मी थांबलो. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असा त्याचा आशय आहे. साहेब, आमच्याकडं नातेवाईक उपलब्ध नसतात ते आजारपणात, दवाखान्याच्या बिलाच्या वेळी, पेरणीला हातउसने मागताना. मयतीला सगळे उपलब्ध असतात. दोघींनी घाम गाळून घेतलेलं दोन एकर वावर एकीच्या नावावर असेल, तर तेराव्याच्या आधी पुतण्या तलाठ्याकडं पोचलेला असतो.

यावर आमचा उपाय मृत्युपत्र. स्टँपपेपर लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, हे आम्ही सांगत सुटतो. पण ज्या गावात नातं लपवून जगायचं तिथं दोन साक्षीदार आणायचे कोठून? आणि पुतण्यानं दिवाणी दावा टाकला तर तारखांना जायचं कोणाच्या पैशानं? एका वयस्क मायनं माझी बोलती बंद केली होती. पोरीबद्दल तिला सगळं ठाऊक होतं, तक्रार काही नव्हती. ती म्हणाली, "दोघी राह्यतात तं राह्यतात बाप्पा. पन हिच्यामागं तिले वावरात कोन ठेवीन?" लग्नाच्या हक्काबद्दल मी जेवढी भाषणं ऐकली त्यांत याहून नेमका प्रश्न ऐकला नाही.

माझं म्हणणं इथंच आहे. तुम्ही एकेका खात्याला एकेक पत्र पाठवत आहात. रेशनचं झालं, बँकेचं झालं. पण अपघात योजना राज्याची, आत्महत्येची मदत राज्याची, सातबारा राज्याचा, वारसा हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचा. असे किती रकाने, किती शासन निर्णय तुम्ही एकेक करून दुरुस्त करणार? विवाह नोंदणीचा एक कागद हे सगळे रकाने एकदम भरतो. म्हणून आम्ही लग्न मागतो. वाजंत्री आणि हळदीची हौस असेल त्यांनी ती करावी, आमची ना नाही. पण आमच्या भागात मागणीचा जोर वारसावर आहे.

हे परदेशी खूळ आहे, असंही आम्हाला ऐकवतात. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात समलिंगी संबंधांविषयीची प्रश्नोत्तरंही होती, आणि कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. समाज तयार नाही म्हणाल, तर १९१९ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाचा कायदा केला तेव्हा कोणता समाज तयार होता? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांमध्ये चित्रा पालेकर होत्या. २०२३ मध्ये 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आई-बापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आमच्या मुलांची लग्नं मान्य करा म्हटलं. खुद्द यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये एका हॉटेलात दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला. त्यातला एक इथला, अमेरिकेत स्थिरावलेला. त्याच्या त्या देशात अशा लग्नाला २०१५ पासून सर्वत्र कायदेशीर मान्यता आहे. इथल्या वावरात राबणाऱ्याला मात्र कायदा हवा तर वावर सोडून जावं लागेल, आणि वावर सोडून जाणारा आमच्याकडं मजूर होतो, अनिवासी भारतीय नव्हे.

न्यायालयानं चेंडू संसदेकडं टाकला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्याआधी सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ती लोकसभा संपली आणि विधेयकही संपलं. तेव्हा समितीनं सरकारला स्पष्ट शिफारस करावी, की ही दुरुस्ती सरकारनं स्वतः आणावी. आणि आणाल तेव्हा तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीची अट काढा. दोन बायकांची नावं-पत्ते महिनाभर कचेरीच्या फलकावर राहिले, तर लग्नाच्या तारखेपर्यंत त्या गावात राहतील याची हमी आम्ही देऊ शकत नाही. दुरुस्ती होईस्तोवर राज्य सरकारला एवढं कळवा, की अपघात योजनेत आणि आत्महत्येच्या मदतीत शेतकऱ्यानं हयातीत लेखी नोंदवलेला जोडीदार धरावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं जनतेकडून सूचना मागवल्या, त्या ई-मेलवर. आम्ही ज्यांच्यात वावरतो त्यांपैकी बहुतेकींचा ई-मेल नाही. मोबाइल आहे तोही घरातल्या पुरुषाच्या हाती. म्हणून एक बैठक यवतमाळ जिल्ह्यात घ्या. कॅमेरे नकोत, बंद खोलीत, एकेकीशी बोलायला एक महिला अधिकारी असली की पुरे. वेचणीच्या दिवसांत येऊ नका, कोणी सापडणार नाही. मार्च संपता संपता या. माणसं आणायची आणि सुखरूप घरी पोचवायची जबाबदारी आमची.

आपला,
घाटंजीचा एक कार्यकर्ता